मयताचे टोले

कारभारीअण्णांनी घंटेच्या खोलीचं कुलूप काढलं आणि किल्ली सलोमीच्या हातात दिली.

"बाई, तुझ्याबिगर दुसरं कुनी न्हाई. म्या वढली आसती, पन खांदा वर जात न्हाई. चतुराबाईला सांगावं तर दोरी तिलाच घिऊन वर जाईल."

अण्णा चर्चचे कारभारी, आणि चतुराबाई त्यांची बायको. अंगानं काडीसारखी. कोरडगव्हाणच्या लुथरन मंडळीत नियमानं येणाऱ्यांमध्ये वयानं सगळ्यात लहान तीच, आणि तिला साठ पूर्ण झाली होती.

"साडेनऊला वाजीव," अण्णा म्हणाले. "गाडीतनं उतरायच्या आदी साहेबाच्या कानावर घंटा पडली पायजे. घंटाच मुकी दिसली तर मंडळी मेली म्हनायला ते मोकळे." एवढं बोलून ते दाढी करायला घरी गेले.

मंडळी जिवंत आहे की मेली हेच बघायला रेव्हरंड पाटोळे येत होते. सिनडनं, म्हणजे चर्चच्या वरच्या सभेनं, नवजीवन समिती नेमली होती आणि ते तिचे निमंत्रक होते. समितीनं आधी एक रंगीत पोस्टर पाठवलं होतं. त्यावर हसऱ्या तरुणांचा घोळका होता आणि खाली लिहिलं होतं, 'वाढती मंडळी, जिवंत मंडळी'. अण्णांनी ते देवळाच्या भिंतीवर चिकटवलं; गावात चर्चला देऊळच म्हणत. पुढं वर्षभर कोरडगव्हाणात जे काही तरुण दिसले ते त्या पोस्टरवरच. मग पत्र आलं. ज्या मंडळ्यांत जीव उरलेला नाही त्या शहरातल्या मंडळीत विलीन करायच्या, देऊळ बंद करायचं, आणि घंटा शहरातल्या नव्या चर्चला द्यायची. समितीला ती घंटा फार आवडली होती. जुन्या मिशनरींनी आणलेली, भक्कम पितळेची, आवाज धारूरच्या डोंगराला लागून परत येणारा.

सलोमीला समितीशी काही घेणंदेणं नव्हतं. ती बीडला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होती. वडील गेल्यापासून त्यांचं घर बंद होतं. उद्या ते भाडेकरूंच्या ताब्यात दिलं की कोरडगव्हाणला यायचं काही कारण उरणार नव्हतं. मात्र ती घंटा टेम्पोत घालून नेणार, हे ऐकल्यापासून तिला जेवण गेलं नव्हतं. तिचे वडील आश्रुबा, तिचे आप्पा, जन्मभर एस.टी.त कंडक्टर होते आणि जन्मभर रविवारी ही घंटा वाजवत आले होते. त्यांच्या मयतीनंतर दोरीला कुणी हात लावला नव्हता.

खुंटीवर आप्पांची कानटोपी तशीच होती. तिच्याकडे न बघता सलोमीनं दोरी धरली.

आप्पा सांगायचे, घंटा दोनच प्रकारची. उपासनेची असेल तर तिला हलती ठेवायची, दम घेऊ द्यायचा नाही. मयताची असेल तर एक टोला द्यायचा, तो डोंगराला जाऊन पुरता विरेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. "डबल बेल मारली की गाडी निघते, सिंगल मारली की थांबते," ते म्हणायचे. "कुणाचा तरी थांबा आला, एवढाच त्याचा अर्थ." असं म्हणून ते हसायचे, आणि ऐकणारेही हसायचे.

सलोमीनं दोरी ओढली. टोला पडला. तो डोंगराला जाऊन विरला तेव्हा तिनं दुसऱ्यांदा ओढली. मन ती मुद्दाम दुसरीकडे नेत होती, त्यामुळे हात काय करताहेत तिकडे तिचं लक्ष नव्हतं. पुरे वाटलं तेव्हा तिनं दोरी खुंटीला गुंडाळली आणि बाहेर आली.

बाहेर शेजारची पंचशीला उभी होती. हाताला कोपरापर्यंत पीठ, डोक्यावर पदर.

"सलोमे, कोन गेलं गं?"

"कुठं?"

"कुठं काय! वरती."

"कुणी नाही गेलं. उपासनेची घंटा होती."

पंचशीलानं तिच्याकडे निरखून पाहिलं. देवळाच्या भिंतीला भिंत लावून तिचं घर. "आगं, विहारातली वंदना आन् तुमची घंटी, दोनी ऐकत म्या म्हातारी झाले. ही मयताची वाजवलीस तू."

सलोमीनं आपल्या हातांकडे पाहिलं. तिनं आयुष्यात एकदाच घंटा वाजवली होती. आप्पांनी सांगून ठेवलं होतं, माझ्या वेळी तूच वाजव. हातांना दुसरी येतच नव्हती.

"थांब, परत वाजवते. नीट."

"नगं, नगं!" पंचशीलानं पिठासकट तिचं मनगट धरलं. "आता वाजवलीस तर आनिक एक गेलं म्हनतील."

इतक्यात अण्णा धावत आले. एका गालाला साबण, दुसरा गुळगुळीत, अंगात बनियन.

"कोन? भामाबाई का?"

"अण्णा, तुम्हीच तर घंटा वाजवायला सांगितलीत!"

"म्या उपासनेची सांगितली. तू मयताची वाजवाया लागलीस, म्हनलं उपासनेच्या आदी कुनीतरी गेलंच. दुसरं कोन जानार? भामाबाईचाच नंबर हाय."

हा अंदाज एकट्या अण्णांचा नव्हता. भामाबाई मंडळीतली सगळ्यात म्हातारी, आणि गावची सुईण. पन्नाशीच्या आतबाहेरचं अख्खं गाव, मग ते कुणाच्याही घरचं असो, तिच्या हातावर जन्मलेलं. अण्णा येताना वाटेत दिसेल त्याला विचारत आले होते, "भामाबाई गेली काय?" एवढ्या मोठ्यानं, एवढ्या घाईत आणि अर्ध्या दाढीनं विचारलेला प्रश्न कुणाला प्रश्न वाटलाच नाही. अण्णा देवळापर्यंत पोचायच्या आत भामाबाई गेली होती.

मागून चतुराबाई आली. ती भामाबाईच्या घराकडून येत होती आणि रडत होती. "दाराला कुलूप हाय. आतमंदी फोन वाजतोय नुस्ता. पहाटंच बीडला दवाखान्यात नेलं आसंल हो, आन् आपल्याला पत्ता न्हाई!"

घंटा चुकीची वाजली हे सलोमीला ठाऊक होतं. पण भामाबाई कुठं होती हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिनं स्वतः फोन लावला. दोन गल्ल्या पलीकडे कुलपाच्या आत तो वाजत असणार. कुणी उचलला नाही. आपल्या हातून चुकून खरीच घंटा वाजली की काय, असं तिच्या मनात आलं आणि ती फोन हातात धरून ओट्यावर बसली.

"अण्णा, आधी ग्रुपवर कळवा. लोक निघतील."

मंडळीचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. पुण्याला, बीडला, केजला गेलेली माणसं त्यात होती. एरवी त्यावर फक्त फुलं आणि सुप्रभात. अण्णांनी चष्मा चढवला, साबणाच्या बोटानं एकेक अक्षर शोधून लिहिलं, 'भामाबाई मेलेली नाही', आणि पाठवून दिलं.

पहिलं उत्तर लगेच आलं. 'आमेन. मेलेली नाही, प्रभूमध्ये निजली आहे.' त्यापाठोपाठ, 'आमेन. आज ती खऱ्या अर्थानं जिवंत आहे.' मग हात जोडलेले, मग मेणबत्त्या, मग, 'माती किती वाजता?'

"आता काय लिहू?" अण्णांनी विचारलं.

"काही नका लिहू," सलोमी म्हणाली.

"परमेश्वराला फोन लावा आदी!" चतुराबाई एकदम ओरडली. परमेश्वर म्हणजे वरच्या आळीतला जेसीबीवाला. कबर खणायचं काम अलीकडे तोच करायचा. पूर्वी निरोप धाडावा लागे. आता तो घंटा ऐकली की मशीन घेऊन निघायचा.

अण्णांनी फोन कानाला लावला, थोडा वेळ थांबले आणि खाली घेतला. "परमेश्वर उचलत न्हाई. मशीन चालू आसंल."

एव्हाना माणसं यायला लागली होती. आधी आळीतली. मग शेतांतून, हातपाय न धुता. मग मोटारसायकली. वर्षानुवर्षं देवळात पाय न ठेवलेली मंडळीतली घरं आली. एकमेकांशी भांडून दोन वेगळ्या प्रार्थना सभांना जाणारे दोघे भाऊ आले आणि एकाच लिंबाखाली उभे राहिले. केजहून एक अख्खी जीप आली. विहारातली बायामाणसं आली, मशिदीजवळचे दोन चाचा आले, माजी सरपंच आले. हातांत पांढऱ्या फुलांचे हार. येईल त्याला सलोमी सांगत होती, "अहो, चूक झाली, भामाआज्जी गेलेल्या नाहीत." ते तिच्याकडे मायेनं बघत आणि आपसांत म्हणत, "बापाच्या दुखातनं पोरगी अजून बाहेर आली न्हाई."

आश्रुबांच्या गाडीचा ड्रायव्हर त्रिंबकही आला. तो कधी देवळात गेला नव्हता. पण जोडीदाराची उपासना सुटेपर्यंत दर रविवारी ओट्यावर बसून राहायचा. आताही तो त्याच जागी, सलोमीच्या शेजारी टेकला.

पटांगण भरलं. अण्णांनी सगळीकडे नजर फिरवली. अर्ध्या दाढीच्या चेहऱ्यावर हळूहळू निराळाच भाव आला. ते सलोमीच्या कानाशी वाकले.

"पोरी, आता काय बोलू नगंस."

"म्हणजे?"

"आपुन कुनाला बोलावलं का? न्हाई. आले न्हवं? साहेबाला बघू दे. पोस्टरवर सुदिक एवढी मान्सं न्हाईत."

"भामाआज्जीच्या मयतीची माणसं उपासनेच्या हजेरीत धरायची?"

"हजेरीत मानूस धरतेत. कावून आला, ते कुनी इचारत न्हाई. तुला घंटा हितं ऱ्हायला पायजे का नगं?"

सलोमीला घंटा राहायला हवी होती. ग्रंथालयातलं पुस्तक कुणी दुसऱ्या कपाटात ठेवलं तरी तिला चैन पडत नसे, आणि इथं ती एका बाईला मेलेल्यांत ठेवायला निघाली होती. शिवाय ती बाई अजून कुठं होती याचा पत्ता नव्हता.

तेवढ्यात कोपऱ्यावर पांढरी गाडी वळली.

"आनली!" कुणीतरी ओरडलं.

एकदम हंबरडा फुटला. बायका पुढं धावल्या. पुरुषांनी टोप्या काढल्या. गाडी गर्दीतून वाट काढत, जवळजवळ पायी चालत, देवळासमोर येऊन थांबली. दार उघडलं आणि पुढच्या सीटवरून आधी एक काठी, मग एक गाठोडं आणि मग भामाबाई खाली उतरली.

हंबरडा मधेच तुटला. भामाबाईनं डोळ्यांवर हात धरून गर्दी न्याहाळली. हार पाहिले, रडलेले चेहरे पाहिले. मग काठी सावरत तिनं विचारलं.

"कोन गेलं गं?"

बायकांनी पदर तोंडाला लावले.

"आगं, सांगा की. म्या सकाळधरनं गावात न्हाई. कोन गेलं?"

"तुमीच, आत्या," चतुराबाई म्हणाली.

भामाबाईनं यावर थोडा विचार केला. "मला कुनी बोललं न्हाई," ती म्हणाली.

गाडीच्या दुसऱ्या बाजूनं रेव्हरंड पाटोळे उतरले. बगलेत फाईल, चेहऱ्यावर भारावलेपण. त्यांना सकाळपासून काही सुधरत नव्हतं. मांजरसुंब्याला, सगळ्या गाड्या थांबतात त्या फाट्यावर, चहा पीत बसले असताना एक म्हातारी समोर येऊन बसली होती. "तुमीच आमची घंटा न्यायला निगालात न्हवं? कारभाऱ्याला सायबापुढं बोलता येत न्हाई, म्हनून म्या पयल्या गाडीनं आले," असं म्हणून गाडीत बसली होती, आणि मंडळी किती जिवंत आहे ते वाटभर सांगत आली होती. त्यांनी अर्थातच विश्वास ठेवला नव्हता. आता त्यांनी समोरचा जनसमुदाय पाहिला आणि चष्मा काढून पुसला. गर्दीतल्या एकानं, हातातल्या हाराचं काय करावं ते न सुचून, तो त्यांच्याच गळ्यात घातला.

"कारभारी," ते म्हणाले, "ही सगळी आपली मंडळी?"

अण्णांनी तोंड उघडलं. त्यातून काही बाहेर येण्याआधी फाटकातून एकजण धापा टाकत आला. "अण्णा! परमेश्वर म्हनतोय, खड्डा तयार हाय. भामाबाईला घिऊन या, मला दुसरीकडं जायचंय!"

रेव्हरंड पाटोळ्यांचा चेहरा हाराइतका पांढरा झाला.

सलोमी उठली. अण्णांनी तिच्याकडे हात जोडल्यासारखं पाहिलं, पण तिचे पाय निघाले होते.

"साहेब, मी आश्रुबांची मुलगी. घंटा मी वाजवली. उपासनेची वाजवायची होती, माझ्या हातून मयताची वाजली. लोकांना वाटलं भामाआज्जी गेल्या. ही माणसं उपासनेला आलेली नाहीत."

"आणि उपासनेला किती येतात?"

"दोन सतरंज्या अंथरतो. एक पुरते."

रेव्हरंड पाटोळ्यांनी गळ्यातला हार काढून गाडीच्या टपावर ठेवला. फाईल उघडली, मिटली. अण्णा पायरीवर मटकन बसले. साबण वाळून गालाला पोपडे सुटले होते. गर्दीत चुळबुळ सुरू झाली. जिवंत माणसासमोर हार घेऊन उभं राहायचं म्हणजे अवघडच. कुणी घड्याळ पाहिलं. एका मोटारसायकलला किक बसली, मग दुसरीला. सलोमी घंटेच्या खोलीच्या दाराकडे बघत होती.

"कोन निगालं रं?" भामाबाईची काठी फरशीवर आपटली. "माझ्या मयतीला आलात, आन् मयत हुबं हाय म्हनून माघारी चाललात? आसं कुटं आसतं व्हय?"

किक मारणारा पाय वरच राहिला.

"हार आनलेत ते घाला. मेल्यावर घातले तर मला काय दिसनार? सायब, मयतीला माजं गानं कोनतं म्हनायचं, कोन काय बोलनार, म्या समदं कारभाऱ्याला सांगून ठिवलंय. आज करा. एक कान आदीच गेलाय, दुसरा हाय तवर ऐकून घ्येते."

"बाई," रेव्हरंड पाटोळे दचकून म्हणाले, "जिवंत माणसाचा अंत्यविधी करता येत नाही. सिनडच्या नियमात बसत नाही."

"मग उपकारस्तुती करा. जिती हाय म्हनून. ती बसती का नियमात?"

रेव्हरंड पाटोळ्यांनी बराच वेळ शोधलं, पण त्यांना हरकत सापडेना.

"आन् खड्ड्याचं काय, आज्जी?" फाटकातल्या माणसानं विचारलं.

"आमच्या म्हाताऱ्याच्या शेजारीच खांदलाय न्हवं?"

"हाय की."

"मग ऱ्हाऊ द्या. वर पत्रा टाका. शेरडं पडतील."

यानंतर जायची कुणाची छाती झाली नाही. ज्यांची नाळ तिनं कापली होती ती माणसं मुकाट्यानं चपला काढून देवळात शिरायला लागली. दोन सतरंज्या दोन मिनिटांत भरल्या. पंचशीलानं विहारातल्या सतरंज्या आणवल्या, चाचांनी मशिदीतल्या चटया. आत जागेवरून कुजबुज सुरू झाली. ही आमच्या दाजींची जागा, ती आमच्या आईची. ते दोघे भाऊ लहानपणच्या जागेवर जाऊन बसले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की ती जागा एकच आहे. भामाबाई पुढं खुर्चीवर बसली आणि भाषण करू इच्छिणाऱ्यांना बजावलं, "खोटं बोलू नगा, म्या हितंच हाय."

रेव्हरंड पाटोळे मात्र पायरीवर थांबले.

"उपासनेची घंटा झालीच नाही," ते म्हणाले. "ती झाल्याशिवाय मला आत जाता येत नाही." मग सलोमीकडे वळले. "आणि अहवालात मी जे आहे तेच लिहिणार. एरवी एक सतरंजी. आज मयतीला गाव. त्याचं काय करायचं ते समितीनं ठरवावं. वर्षभर मुदत मागतो. पण घंटा इथं ठेवायची तर दर रविवारी ती वाजवणारं माणूस लागेल. आहे?"

अण्णांनी खांदा चोळला. चतुराबाई दुसरीकडे बघायला लागली.

"मी," सलोमी म्हणाली.

"तुम्ही बीडला राहता ना?"

"रविवारी इथं असेन. आप्पांचं घर आहे."

"हे आता म्हणता. कशावरून?"

"कंडक्टरची पोरगी हाय, सायब," ओट्यावरून त्रिंबक म्हणाला. सकाळपासून तो पहिल्यांदाच बोलत होता. "पयली गाडी चुकनार न्हाई."

सलोमीनं पर्समधून घराची किल्ली काढून पंचशीलाच्या पिठाळ हातावर ठेवली. "त्या भाडेकरूंना सांग, घर द्यायचं नाही म्हणून. आणि खिडक्या उघड."

"आता उपासनेची वाजीव हां," पंचशीला म्हणाली. "येती न्हवं?"

सलोमी घंटेच्या खोलीत गेली. या खेपेला तिनं कानटोपीकडे पाहिलं. मग दोरी धरली.

टोला पडला. देवळातली सगळी माणसं एकदम भामाबाईकडे बघायला लागली. आवाज डोंगराकडे निघाला. सलोमीचे हात सवयीनं थांबले होते. तो विरायच्या आत तिनं दोरी पुन्हा ओढली.

टण्. टण्.

ही कोणती घंटा ते मंडळीत कुणालाच कळलं नाही. रेव्हरंड पाटोळ्यांनी अण्णांकडे पाहिलं, अण्णांनी चतुराबाईकडे.

बाहेर ओट्यावर त्रिंबकचा डावा पाय फरशीवर दाबला गेला, आणि डावा हात गिअर टाकायला पुढं झाला.